शुक्रवारचं पायलिंग

संपत,

तू गेल्याचं आईला सांगायला निघालो, तेव्हा तुझ्याच नावानं भरलेलं खोकं मी सोबत घेऊन गेलो. आयुष्यात मी पुष्कळ माती खाल्ली आहे, बऱ्याचदा तू साक्षीला होतास, पण एवढी एकदम कधी खाल्ली नव्हती.

त्याचं असं झालं. ते खोकं पलंगाखाली भरूनच ठेवलेलं होतं. खजूर, बाम, बॅटरीचे सेल, दूध पावडरचा डबा, आणि वर काळ्या मार्करनं, माझ्या अक्षरात, ‘आईस, संपतकडून’. नेहमीप्रमाणे ते माझ्या दोस्ताच्या, मुबारकच्या, हाती मुंबईला जायचं होतं. त्या सकाळी तिकिटं, पासपोर्ट, माझी ऑफिसची रजा, सगळं तुझ्या आक्कानं, माझ्या बायकोनंच बघितलं. माझ्याकडे फक्त बॅगा खाली उतरवायचं काम होतं. मी बॅगा उतरवल्या आणि खोकंही उतरवलं. हातांची सवय. मुंबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून सगळ्यांच्या आधी तेच फिरत आलं, वर तुझं नाव घेऊन. आक्कानं ते वाचलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

“हे कशाला आणलंत?”

तिथंच सोडून देता आलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं, आणि तुझ्या आईच्या दारात मोकळ्या हातानं उभं राहायची माझी छाती नव्हती.

पेपरात जे आलं ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. तुझा हुद्दा, नोकरीची वर्षं, काँगोतला तो रस्ता, सगळं छापून आलं. एकच गोष्ट त्यात नव्हती, कारण ती आम्हा नवरा-बायकोलाच माहीत होती. तुझ्या आईच्या लेखी तू गेले अकरा महिने दोह्यात, अल नस्रमधल्या आमच्या दोन खोल्यांत राहत होतास.

तुझा तो पहिला फोन आठवतो. “दाजी, एक काम हाय. वरीसभर तुमच्याकडं राहायचंय.” मी ऐटीत म्हणालो, “अरे ये की, घर तुझंच आहे.” तर तू म्हणालास, “यायचं न्हाई. निस्तं राहायचं.”

मग हळूहळू सांगितलंस. पलटण काँगोला चालली होती, शांतिसेनेत, आणि तू आपणहून नाव दिलं होतंस. शांतिसेना हा शब्द तुमच्या घरात उच्चारायचा नाही हे मी जावई झालो त्याच दिवशी आक्कानं मला शिकवलं होतं. तुमचा थोरला, दत्ता, त्याच नावाच्या फौजेतून लंकेला गेला आणि त्याची पेटी तेवढी परत आली. तू तेव्हा नववीत होतास. तेव्हापासून आई वरच्या आळीतल्या शांताबाईला सुद्धा नावानं हाक मारत नाही, ‘वरच्या आळीची’ म्हणते. तरी तू पलटणीत गेलासच. आणि आता हे.

“कशाला जातोस?” मी विचारलं.

“दत्ता कशात गेला ते बघायचंय.”

“अरे, त्यापेक्षा एखादा युद्धाचा सिनेमा बघ. मध्यंतरात चहा तरी मिळतो.”

तू हसला नाहीस. मला वाटलं, लाइन खराब आहे.

तर गावात असं सांगितलं गेलं की, संपतनं पेन्शन घेतली आणि दाजींनी त्याला कतारला सुपरवायझर म्हणून चिकटवला. माझी गावातली किंमत एका रात्रीत कुठल्या कुठे गेली. मी स्वतः इथं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावतो, कुणाला सुपरवायझर करायची माझी ताकद नाही, पण ते कुणी विचारलं नाही. आई म्हणे कित्येक वर्षांनी गाढ झोपली. आणि तुला स्थळं यायला लागली. फौजी असताना कुणी विचारत नव्हतं, पण कतारवाला म्हटल्यावर कराडपर्यंतचे लोक पत्रिका घेऊन आले. एका मुलीचे वडील तर माझ्याशी फोनवर अर्धा तास बोलले. तुझा स्वभाव कसा आहे, घरात मदत करतोस का. मी म्हणालो, भांडी घासतो.

आपली कामाची पद्धत ठरली. तुमच्या छावणीतल्या कॉम्प्युटरवरून तू मला ऑफिसात ई-मेल करायचास, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, चार ओळी. मी ते घरी आणून, कागदावर देवनागरीत उतरवून, कतारचं तिकीट लावून गावाला धाडायचो. आईला वाचता येत नाही, अक्षर कुणाचं हा प्रश्नच नव्हता. शाळेचे गुरुजी अंगणात बसून वाचायचे आणि निम्मी आळी ऐकायला जमायची.

इथंच माझं डोकं फिरलं, संपत. तुझ्या चार ओळी म्हणजे काय तर, मी बरा आहे, जेवण बरं आहे, लाल गाईचं वासरू पितंय का. यावर आळी कशी खूश होणार? मी जन्मभर लग्नकार्यात, बारशात गोष्टी सांगत आलेला माणूस. माझ्या गोष्टीच्या मध्यावर लोक पंक्तीला उठून जातात. आणि इथं निम्मी आळी श्वास रोखून बसलेली. मी चार ओळींची दोन पानं करायला लागलो. तू आमच्या फ्रिजचं हँडल मोडलंस. तू खुबूसवर, म्हणजे इथल्या रोटीवर, पिठलं घालून खाल्लंस आणि शेजारच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, माणसाला शिकवलंस. एसीमुळे तुला सर्दी झाली, तीही चांगली तीन पत्रं टिकणारी.

त्या सर्दीवर आईनं आल्याच्या वड्या पाठवल्या. गावाहून मुंबईला, मुंबईहून मुबारकच्या हाती दोह्यातल्या नजमा भागात त्याच्या खोलीवर, तिथून आमच्या घरी. मी त्या खाल्ल्या. काय करणार, फेकवेना. तुझी मेल आली, “दाजी, मला सर्दी कुणाला इचारून केली? मला इथं मलेरिया झालाय.”

मी ती मेल तीनदा वाचली. दोनदा हसलो. तिसऱ्यांदा वाचताना स्टोअरच्या स्टुलावर खाली बसलो.

मग आईला तुझा फोटो हवा झाला. समुद्राच्या कडेचा, मागे उंच इमारती असलेला. मुबारक माझा मित्र, रत्नागिरीकडचा, नजमात बॅचलर खोलीत राहतो, अंगानं थेट तुझ्यासारखा. त्याला तुझ्या आक्कानं तुझ्यासाठी आणून ठेवलेला चौकडीचा शर्ट घातला आणि कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, पाठमोरा उभा केला. “साहेब, मी हा असा समुद्राकडे बघत किती वेळ उभा राहू?” तो म्हणाला. “लोकांना वाटेल, जीव द्यायला आलाय.” फोटो गेला. गुरुजींनी आईचा निरोप लिहिला: पाठ लई बारीक झाली, पोटभर जेव.

तू हे ऐकून फोनवर हसलास. मला वाटतं, तिकडं गेल्यापासून तेवढंच एकदा. आणि हसता हसता म्हणालास, “दाजी, ती पाठ बारीक न्हाई वो. घाबरली म्हंजी पाठ अशीच दिसती.”

आता खरं सांगतो. ते सगळं वर्ष मी घाबरलेला होतो आणि ही सगळी पत्रं मी त्या भीतीवर लिहिली. तुझी मेल दोन दिवस उशिरा आली की मी बरण्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावायचो. नजमातल्या मुबारकच्या खोलीखालच्या कॅफेटेरियात टीव्हीवर अरबी बातम्या असायच्या. एकदा हिरव्या डोंगरातून, चिखलाच्या रस्त्यानं, डोक्यावर गाद्या घेतलेली माणसं जाताना दिसली आणि कडेला एक पांढरी गाडी, तिच्यावर शांतिसेनेची निळी टोपी घातलेला कुणीतरी. मी पोक्कर नावाच्या मलबारी चहावाल्याला विचारलं, काय म्हणतायत? तो कप विसळत म्हणाला, “मालूम नहीं साब. अफ्रीका है.” त्याला चॅनेल बदलायचं होतं. मी तसाच उभा राहिलो, त्या निळ्या टोपीखालचा चेहरा बघायला. पाठमोरा होता.

तू मला तिकडचं थोडं थोडं सांगायचास. शेजारच्या देशांच्या फौजा कशा शांतता करायला म्हणून आल्या आणि खाणींच्या तोंडाशीच राहुट्या ठोकून बसल्या. एक सरकारच्या बाजूची, दुसरी बंडखोरांच्या, पण बैठक दोघांची सोन्याजवळ आणि त्या काळ्या खड्यांच्या मातीजवळच. “आता गेले म्हंत्यात, पर त्यांची मानसं, त्यांच्या बंदुका हितंच. आनि मधी आमी. आमाला म्हंत्यात, बघत ऱ्हावा.” मी विचारलं, “त्या काळ्या मातीचं काय करतात?” तू म्हणालास, “तुमच्या कानाशी काय हाय?” माझ्या कानाशी नवाकोरा मोबाईल होता. मी तो दुसऱ्या कानाला लावला, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

आणि शुक्रवारचे फोन. ती कल्पना माझीच, तिचा मला फार अभिमान होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला तू माझ्या मोबाईलवर यायचास. घरच्या फोनवरून मी गावातल्या वाण्याच्या दुकानात लावायचो, आई तिथं येऊन बसलेली असायची. मग मोबाईल आणि रिसीव्हर एकमेकांना उलटसुलट चिकटवायचे आणि कोथिंबिरीच्या जुडीची दोन रबरं घालायची. मोबाईल बुटका, रिसीव्हर लांब. त्यामुळं मधला जोड मला हातानं दाबून, कमरेत वाकून उभं राहावं लागायचं. माय-लेकरं बोलायची आणि मी मध्ये, डोहाळजेवणाच्या फोटोत वाकून उभ्या असलेल्या काकांसारखा. आई म्हणायची, “आवाज आडातनं आल्यागत का येतोय?” मी ओरडायचो, “एसी आई, एसी.”

त्या शुक्रवारी तुम्ही वासराचं बोलत होता. आणि तुझ्या बाजूनं आवाज सुरू झाला. ठप, ठप, ठप. मग जरा थांबून पुन्हा, जवळ.

तू बोलायचा थांबलास.

“काय वाजतंय रं?” आईनं विचारलं.

मला तुझा श्वास ऐकू येत होता, माझ्या अंगठ्याखालून. आक्का स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात पोळपाट. मी रिसीव्हरच्या तोंडाशी तोंड नेलं.

“आई, खाली बिल्डिंगचं पायलिंग चाललंय. खांब ठोकतायत.”

“शुक्कीरवारी?” ती म्हणाली. “शुक्कीरवारी समदं बंद असतंय म्हनलासा न्हवं तुमी?”

“अर्जंट आहे आई.”

“मग व्हय,” ती म्हणाली, आणि तुला पुन्हा वासराचं सांगायला लागली. तू “हां, हां” करत राहिलास. मागे ठप ठप चालूच. मी वाकलेला, रबरं दाबून, आणि तुझी आई तुला सांगतेय की वासराच्या कपाळावर चांदणी आहे. ती ठेवते म्हणाल्यावर मी रबरं काढली आणि मोबाईल कानाला लावला. तू म्हणालास, “दाजी, मला भ्या वाटतंय.” आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “मग पायलिंगवाल्याला सांग, खांब हळू ठोक.”

त्या वेळी मी नुसतं म्हणायला हवं होतं, मला पण. एवढंच. दोन शब्द. तू गेल्यावर ते मला रोज सुचतात.

पुढच्या आठवड्यात तुझी लांब मेल आली. इतकी लांब तू कधी लिहिली नव्हतीस. वर लिहिलं होतंस, हे आईला जसंच्या तसं. मी ते ऑफिसात प्रिंट केलं. ‘आई, मी कतारला नाही,’ असंच सुरू होत होतं.

मी ते पाठवलं नाही. त्याच्या जागी माझं पत्र पाठवलं, तू आमच्याबरोबर मासळी बाजारात गेलास आणि हामूर नावाचा मासा आणून स्वतः कालवण केलंस, असं. गुरुजींनी सांगितलं की, आळीला ते फार आवडलं. तुझी प्रिंट मी घडी करून पासपोर्टच्या पिशवीत ठेवली. आक्कालाही दाखवली नाही. तिला सांगितलं, संपत मजेत आहे.

तुला ते कळलं तेही पत्र पोचल्यावरच्या शुक्रवारी, आईच्याच तोंडून. तू वाट बघत होतास ती काय बोलते याची, आणि ती म्हणाली, “कालवन चांगलं केलंस म्हनं. काटं काडलंस का?” मी वाकलेलाच होतो. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, पण रबराखाली मोबाईल एकदम जड झाल्यासारखा वाटला. तू म्हणालास, “व्हय आई. लई काटं हुतं.”

तिनं फोन ठेवला. मग आपण भांडलो.

“दाजी, मी मासा कधी खाल्ला?”

“अरे, तिला घाबरवून काय मिळणार आहे?”

“ते पत्र माझं हुतं.”

“तुझंच आहे. जपून ठेवलंय.”

“ठिवायला न्हवतं दिलं. वाचायला दिलं हुतं. आवं, तिला एकटीलाच कळंल ते. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई.”

“तू परत ये आणि तुझ्या तोंडानं सांग. अजून दीड महिना.”

“आनि न्हाई आलो तर?”

“तर मी सांगतो,” मी म्हणालो. “मला तरी दुसरं काय काम आहे?”

हे मी हसत म्हणालो होतो, संपत. पण तू ते हसण्यावारी घेतलं नाहीस. “बरं,” म्हणालास, “मग तुमी सांगा,” आणि फोन ठेवलास. त्यानंतर दोन मेल आल्या, चार चार ओळींच्या. वासराची चौकशी नव्हती.

तुझा नंबर नंतर मोबाईलवर आला तो बुधवारी. स्टोअरमध्ये होतो. तो लांबलचक आकडा बघितला आणि मी आधी वार आठवला. बुधवारी तू कधी करत नाहीस. उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला. उचलला तर तुझ्या पलटणीतला माने. खाणीकडून बाजाराला निघालेल्या लोकांना सोबत करत तुमची गाडी चालली होती, असं तो म्हणाला. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. शेवटी तो म्हणाला, “सरकारी निरोप तालुक्याला उद्या-परवा पोचेल. त्यानं तुमचा नंबर लिहून ठेवला होता. म्हणाला होता, काय झालं तर आधी दाजींना. ते सांगतील.”

म्हणून मी तिथं उभा होतो. तुझ्या आईच्या दारात, सकाळी दहाच्या उन्हात, हातात खोकं. ती अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. आम्हाला बघून उठली, पदराला हात पुसले, आणि माझ्याकडे नाही, खोक्याकडे बघितलं. वाचता येत नसलं तरी ती मोठी काळी अक्षरं तिची आहेत हे तिला माहीत होतं.

“आवं पावनं, तुमीच आलासा व्हय? त्यानं धाडलं?”

सांगायची जागा ती होती. प्रवासभर मी एक वाक्य घोटलं होतं. मी म्हणालो, “हो.”

आक्कानं डोळे मिटले.

आईनं खोकं उघडलं. खजुराचं पाकीट फोडून एक खजूर देवापुढं ठेवला, दोन वरच्या आळीच्या शांताबाईच्या नातवाच्या हातावर ठेवले. बामाची बाटली कानाशी हलवून बघितली. “त्याला का न्हाई आनलं?” ती म्हणाली. “रजा न्हाई व्हय?” मी माझ्या चपलांकडे बघत होतो. खाली रस्त्यावर कसलीतरी गाडी चढावर घरघरत होती आणि ती सरकारी निरोपाची जीप असली तर, एवढंच मला सुचत होतं.

शेवटी आक्काच बोलली. “आई, संपत गेला.”

आईनं बाटली खाली ठेवली. “कतारात?”

तिनं हे मला विचारलं. मुलीला नाही, मला, कारण तू माझ्या घरी होतास. आणि मला कळलं की मी होय म्हटलं तर आणखी एक दिवस, जीप येईपर्यंत, हे चालून जाईल. माझ्या तोंडात होय आलंही होतं.

“नाही आई,” मी म्हणालो. “तो कतारला नव्हताच. कधीच नव्हता.”

“मग कुटं हुता?”

“शांतिसेनेत.”

ती रडली नाही. खोक्याचं झाकण नीट लावलं, चारी कोपरे दाबले. मग म्हणाली, “आनि एकदा?” आणि खाली बसली, मिरच्यांतच.

जीप दुसऱ्या दिवशी आली. त्यानंतर तू आलास. ते सगळं गावानं पाहिलं.

दहाव्याला कावळ्यानं वाट बघायला लावली नाही. पान ठेवून आम्ही दहा पावलं मागं येतोय तोवर शिवला. लोक म्हणाले, पोराचं काही राहिलं नव्हतं, सुटला. पण तुझं राहिलेलं माझ्या खिशात होतं, पासपोर्टच्या पिशवीत, चार घड्या. मला वाटलं, तू आता मागतसुद्धा नाहीस. माझ्याकडून काही अपेक्षाच सोडलीस. त्या भीतीनं मी घरी आलो आणि हात पाय धुऊन आईसमोर बसलो. “आई, त्याचं एक पत्र आहे,” म्हणालो. “मी दडवलं होतं.”

आणि वाचलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, अडखळत.

‘आई, मी कतारला नाही. दाजींचा दोष नाही, मीच त्यांना गळ घातली. दत्ता गेला तसल्याच कामावर मी आलोय, देश तेवढा वेगळा. काल खाणीकडची माणसं आमच्या फाटकाशी आली. बाया, पोरं, डोक्यावर बोचकी. फाटक उघडायचा हुकूम नव्हता. आम्ही वर विचारलं. उत्तर येईपर्यंत मी आत आणि ती बाहेर. तुझ्याएवढी एक बाई होती. तिनं डोक्यावरचं पातेलं उतरवलं, पालथं घातलं आणि त्यावर बसून माझ्याकडं बघत राहिली. बोलली काही नाही. आई, गोळीची भीती वाटत नाही तेवढी मला तिची वाटली. दुपारी हुकूम आला, फाटक उघडलं, ती आत आली. पण ज्यांना धीर निघाला नाही आणि नदीकडनं गेली, ती परत दिसली नाहीत. मला वाटलं दत्ता पण असाच कुठल्या तरी फाटकाशी उभा असेल. त्याचं तुला कुणी सांगितलं नाही. माझं मी सांगतो. संपत.’

आई म्हणाली, “आनि एकदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, “फाटक उगडलं न्हवं?”

“उघडलं.”

“दत्ताची पेटी आली. कापडं आली. सांगनारं कुनी आलं न्हाई.” मग म्हणाली, “त्या शुक्कीरवारी ठोकत हुतं ते मंजी... मला वाटलं तुमी नवराबायकू भांडताय, भांडी आपटताय. दोन दिस मी ह्या माज्या सुमनला नावं ठिवली.”

आक्का हसली आणि मग तिला रडू आवरेना.

मला वाटलं झालं, फेडलं. पण आई उठली आणि देवाच्या फळीमागून पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. लाल दोऱ्यानं बांधलेला. माझ्यापुढं ठेवला.

“पावनं, ह्यात त्याचं कंचं आनि तुमचं कंचं?”

ती रागावून विचारत नव्हती. तिला खरंच हवं होतं. गुरुजींची पेन्सिल तिनं आधीच मागून आणली होती. “त्याचं आसंल तितं खून करा. मला हाताला कळंल.”

दुपारभर मी खुणा करत बसलो, संपत. सर्दी माझी. फ्रिजचं हँडल माझं. मिसरी माणूस माझा, हामूर तर माझाच. ‘वासरू पितंय का’ तुझं. दाबून रेघ ओढली, तिनं बोट फिरवून बघितलं. दोन दोन पानांत तुझी एखादी ओळ. काही ठिकाणी मला आठवेना. मी माझ्याच गोष्टीत तुला शोधत होतो, आणि मिळत होतो मीच, पुन्हा पुन्हा, ऐटीत. एवढी भीती मला पायलिंगच्या शुक्रवारीही वाटली नव्हती. एका बाईचा मुलगा वर्षभर जे बोलला ते मी माझ्या शब्दांखाली गाडून टाकलं होतं.

शेवटच्या पत्रात एक ओळ होती, ‘आई, तुझ्या हातची भाकरी आठवते.’ ती तू लिहिली नव्हतीस. पत्र संपवायला मी घातली होती. आईनं विचारलं, “हितं?” मी रेघ ओढली.

हे तुला सांगायला म्हणून हे सगळं लिहायला बसलो. भाकरी तुला आठवत असणारच, असं मी स्वतःला सांगतोय. पण खरं म्हणजे पेन्सिल हातात होती आणि ती बघत होती, आणि मी घाबरलो.

परतीच्या विमानात आक्का खिडकीशी बसली होती. मला वाटलं झोपलीय. समुद्र लागल्यावर ती न वळताच म्हणाली, “भाकरीची ओळ तुमची होती. मला माहितेय. राहू दे ती. पण घरी गेल्यावर रिसीव्हरची ती रबरं काढून टाका. शुक्रवारी अकराला आई दुकानात येऊन बसणार आहे. आता तुम्ही बोलायचं, तुमच्या तोंडानं. आणि ती विचारेल ते सांगायचं.”